गिलटाच्या हौदातली गोडी

मिरजेत आमचं गिलटाचं दुकान होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडेला एक टेबल-खुर्ची, मागं पत्र्याची शेड, शेडमध्ये तीन हौद आणि भिंतीला लावलेला एक रेक्टिफायर. पितळी तोट्या, सायकलींची हँडलं, कपाटांच्या मुठी असा माल यायचा. तो बफवर घासायचा, धुवायचा, तांब्याच्या तारांना अडकवून निकेलच्या हिरव्या पाण्यात सोडायचा आणि वीज चालू करायची. अर्ध्या तासानं बाहेर काढला की तोटीत आपलं तोंड दिसायचं.

हौदात निकेलचे क्षार आणि बोरिक अ‍ॅसिड असायचं. शिवाय अब्बा एका बरणीतली पांढरी भुकटी मोजून टाकायचे. तिला ते ‘गोडी’ म्हणायचे, आणि ती खरोखरच गोड होती. मधुमेहाची माणसं चहात टाकतात तेच सॅकरीन. गोडी नसेल तर निकेल चढतं, पण मळकट चढतं आणि आतून ताणलेलं राहतं. कधी तडा जातो, कधी पापुद्रा सुटतो. चिमूटभर गोडी पडली की निकेलचे कण बारीक होतात, ताण उतरतो. हे सगळ्या गिलटवाल्यांना ठाऊक होतं. का होतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

“अब्बा, ही पाण्यात जाऊन करते तरी काय?” मी एकदा विचारलं.

“करते काहीतरी,” अब्बा म्हणाले. “आत जाऊन कुणी बघितलंय?”

१९८६ च्या पावसाळ्यात एका ठेकेदाराच्या चारशे तोट्या आल्या. पहिल्या खेपेलाच माल बिघडला. कुठं काळपट पट्टे, कुठं धुरकट डाग, आणि नख लावलं की चांदण्यासारख्या कपच्या निघायच्या. ठेकेदारानं माल परत केला. आमच्याकडं नाना म्हणून कारागीर होते, अकरा वर्षं हौदावर काम केलेले. अब्बांनी बरणी उचलून पाहिली, ती हलकी लागली. “नाना, बरणी एवढी खाली कशी आली?” नाना म्हणाले, “मालक, हौदात मोजूनच टाकली.” अब्बांनी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नानांनी हात धुतले, डबा उचलला आणि ते निघून गेले. मी तेव्हा बारावीत होतो, टेबलावर बसून पावत्या लिहायचो. मी काही बोललो नाही.

श्रोतेहो, मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला आणि कविता लिहिणारा माणूस. विज्ञानावर बोलायचा माझा अधिकार नाही. पण अब्बांचा तो प्रश्न, ‘आत जाऊन कुणी बघितलंय?’, हा पुष्कळ मोठ्या शास्त्रज्ञांचाही प्रश्न होता, आणि त्यांनी आत जाऊन बघितलं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. ते कसं बघितलं, एवढंच सांगायचं आहे.

विजेला जोडलेला धातूचा तुकडा द्रावणात बुडवला की त्याला इलेक्ट्रोड म्हणतात. पुस्तकी मराठीत विद्युतअग्र. मी इलेक्ट्रोडच म्हणेन, कारण आमच्या शेडमध्ये विद्युतअग्र असं कुणी म्हटलं असतं तर नानांना वाटलं असतं, नवा माल आला. आमच्या हौदात टांगलेली तोटी हा इलेक्ट्रोड. गाडीच्या बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्या इलेक्ट्रोड. लोखंड गंजतं तिथंही हाच प्रकार असतो, फक्त रेक्टिफायर नसतो. या सगळ्या ठिकाणी खरी घडामोड होते ती धातू आणि पाणी जिथं भेटतात त्या शिवेवर, एखाद-दोन रेणूंच्या जाडीत. बाकीचा हौद म्हणजे नुसता साठा.

या शिवेवर काय चाललंय ते मोजायचं जुनं साधन म्हणजे वीजच. मायकेल फॅरेडे यांनी १८३० च्या दशकात नियम सांगितला : जेवढी वीज जाईल त्या हिशेबानं धातू चढेल. निकेलच्या एका अणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात. तेव्हा अ‍ॅमीटरवर डोळा ठेवला की किती अणू बसले त्याचा हिशेब मांडता येतो. पण ही झाली शिरगणती. घरात माणसं किती ते कळलं, कोण आहेत ते नाही. कुणी सॅकरीन आहे का, सॅकरीनचा मोडलेला तुकडा आहे का, बफवरून आलेलं चरबीचं बोट आहे का, हे अ‍ॅमीटर सांगत नाही. दीड शतक इलेक्ट्रोडचं शास्त्र बरंचसं या शिरगणतीवर चाललं. त्यात फार हुशार माणसं होती, त्यांनी आकड्यांवरून अचूक अंदाज बांधले. तरी अंदाज तो अंदाज.

माझी भाची रसायनशास्त्रात संशोधन करते. पुण्यातल्या तिच्या प्रयोगशाळेत मी गेलो तेव्हा तिनं मला एका सूक्ष्मदर्शकाशी नेलं. खाली काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यात चांदीचा शर्टाच्या बटणाएवढा तुकडा, त्यावर प्रकाशाचा एक बारीक ठिपका. “मामू, डोळा लावू नका, लेसर आहे,” ती म्हणाली आणि तिनं पडद्याकडं बोट दाखवलं. पडद्यावर एक रेघ होती, मधूनच वर उसळलेली, आंबा घाटाच्या डोंगरांसारखी. “हे शिखर म्हणजे रेणूचा आवाज.”

रेडिओवर आकृती दाखवता येत नाही, म्हणून शब्दांत सांगतो. रेणू म्हणजे अणूंचे गोळे स्प्रिंगांनी जोडलेले. ते कधीच गप्प नसतात. स्प्रिंग ताठ तर कंप भरभर, गोळे जड तर कंप सावकाश. मिरजेत सतारीच्या तारेशी खेळलेल्या कुठल्याही पोराला हे समजेल. कार्बन मोनॉक्साइडमध्ये दोनच गोळे आणि एक फार ताठ स्प्रिंग. ती सेकंदाला सुमारे ६४ लाख कोटी वेळा हलते. एवढे आकडे उच्चारायला गैरसोयीचे, म्हणून शास्त्रज्ञ वेगळं माप वापरतात : त्याच वारंवारतेच्या प्रकाशाच्या किती लहरी एका सेंटिमीटरात बसतात. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचा हा आकडा २१४३. पाण्याच्या रेणूला कंपनाचे तीनच प्रकार. पिरिडीन नावाचं एक घाणेरड्या वासाचं द्रव्य आहे, त्याच्या रेणूत ११ अणू आणि कंपनाचे २७ प्रकार. दोन वेगळ्या रेणूंचा असा संच सारखा नसतो. रात्री अंधारात जिन्यावर कुणी खोकलं की अब्बा आले ते आम्हाला कळायचं, तसंच हे.

शिवाय रेणू धातूवर बसला की त्याचा आवाज थोडा बदलतो. तो आडवा पडलाय की उभा आहे, कुठल्या टोकानं चिकटलाय, किती घट्ट, त्यावर शिखरं सरकतात, काही लहान होतात, काही गायब होतात. म्हणजे कोण आलंय एवढंच नव्हे, तो कसा बसलाय तेही कळतं.

मग हे आधीच का केलं नाही? कारण ऐकू येत नव्हतं. एक चौरस सेंटिमीटर गुळगुळीत धातूवर साधारण दहा कोटी कोटी अणूंची जागा असते. हा आकडा मोठा वाटतो, पण वरच्या पाण्याच्या एका थेंबात त्याच्या दहा लाख पटींहून जास्त रेणू असतात. उरुसाच्या गर्दीत, कव्वाली चालू असताना, एका माणसाचं कुजबुजणं ऐकायचं, असा हा मामला.

कंपन ऐकायच्या वाटा दोन. एक, अवरक्त किरण आत सोडायचे. ज्या रेणूचा जो कंप असेल तेवढे किरण तो गिळतो. दुसरी वाट आपल्या देशातली. २८ फेब्रुवारी १९२८ ला कलकत्त्यात, बहुबाजारातल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपले सहकारी के. एस. कृष्णन यांच्यासह काम करताना पाहिलं की द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात थोडासा प्रकाश रंग बदलून येतो. रेणूला हलवण्यात त्याची थोडी ऊर्जा खर्ची पडते. जितकी पडली तितकं त्या रेणूचं कंपन. १९३० मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन पाळतो तो यासाठीच. आपल्याकडच्या वाचकांसाठी दोन गोष्टी जाता जाता. रामन सरकारी हिशेब खात्यात होते तेव्हा १९१० च्या सुमाराला त्यांची काही काळ नागपूरला बदली झाली होती. आणि रेणूंच्या आवाजाकडं वळण्याआधी ते वाद्यांच्या आवाजामागं होते : तबला-मृदंगाच्या मध्यभागी शाई लावल्यामुळं त्यांचे सूर कसे जुळतात, यावर त्यांनी १९२० मध्ये लिहिलं. मला हा माणूस तेवढ्यासाठीच जवळचा वाटतो. रेणूही एक वाद्य आहे, हे तबल्याला कान लावलेल्या माणसाला आधी सुचावं यात नवल नाही.

पण रामन यांचा परिणाम अतिशय क्षीण. विखुरलेल्या प्रकाशाच्या कोटी कणांत असा एखादा. पाणी या वाटेत फारसं आडवं येत नाही, ही त्यातली चांगली बाजू. पण एका थरातल्या मूठभर रेणूंकडून काही ऐकू यावं ही अपेक्षाच वेडेपणाची होती.

इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात हा वेडेपणा तिघांनी केला. मार्टिन फ्लाइशमन हे इलेक्ट्रोडचे जाणकार; जन्म चेकोस्लोव्हाकियातला, लहानपणी नाझींच्या तावडीतून निसटून कुटुंबाबरोबर इंग्लंडला आलेले. पॅट्रिक हेंड्रा हे रामन वर्णपटाचे जाणकार. तिसरे न्यूझीलंडचे तरुण संशोधक जेम्स मॅक्विलन. पाऱ्याच्या बारीक थेंबांवर प्रयोग करून त्यांनी १९७३ मध्ये सुरुवात केली. मग चांदी घेतली, पाण्यात पोटॅशियम क्लोराइड आणि ते घाणेरड्या वासाचं पिरिडीन घातलं. विचार साधा होता : गुळगुळीत चांदीवर रेणू थोडे बसतात, तर ती खडबडीत करू, जागा वाढेल, रेणू वाढतील. म्हणून त्यांनी विजेची दिशा पुन्हा पुन्हा उलटसुलट केली. चांदी विरघळायची, पुन्हा बसायची आणि दर खेपेला जास्त खरबरीत व्हायची. आम्ही दुकानात जे टाळायला धडपडायचो, ते त्यांनी मुद्दाम केलं. आणि पिरिडीन स्वच्छ ऐकू आलं. विजेचा दाब बदलला की शिखरं बदलायची, म्हणजे आवाज वरच्या पाण्यातला नव्हता, शिवेवरचाच होता. हे १९७४ मध्ये छापून आलं.

त्यांना दिसलं ते खरं होतं. त्यांनी दिलेलं कारण मात्र अपुरं होतं. आवाज मोठा का आला? जागा वाढली म्हणून, असं ते म्हणाले. तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, दोन ठिकाणांहून हिशेब आला. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे रिचर्ड व्हॅन डाइन आणि डेव्हिड जीनमेर, आणि इंग्लंडमध्येच केंट विद्यापीठाचे अल्ब्रेख्ट आणि क्रायटन. आवाज मोठा झालाय तो दहा पटींनी नाही, लाख ते दहा लाख पटींनी. एवढी जागा खरखरीत चांदीत कुठून येणार? उलट व्हॅन डाइन यांना दिसलं की थोडीच खरखर केली तर आवाज आणखी वाढतो. म्हणजे गर्दी वाढलेली नव्हती, प्रत्येक माणूसच मोठ्यानं बोलत होता.

कारण पुढं उलगडत गेलं. चांदीच्या सूक्ष्म उंचवट्यांत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. योग्य रंगाचा प्रकाश पडला की ते एकत्र डोलू लागतात, आणि त्या डोलण्यानं उंचवट्याच्या टोकाशी, दोन कणांमधल्या फटीत, प्रकाशाचा जोर कैक पट वाढतो. त्या फटीत बसलेला रेणू मग खणखणीत बोलतो. मी भाचीला म्हटलं, “हे तर सतारीच्या तरफा. वरची तार छेडली की खालच्या तारा आपोआप बोलतात आणि सूर भरतो.” ती म्हणाली, “उपमा लंगडी आहे, मामू. तरफा फक्त बाहेर जाणारा सूर भरतात. इथं चांदी आत येणारा प्रकाशही वाढवते आणि रेणूकडून परत जाणाराही वाढवते. वाढीचा वाढीशी गुणाकार होतो, म्हणून तर लाखांत जातं.” मला माझी उपमा अजूनही आवडते, पण तिचं म्हणणं नोंदवून ठेवतो.

याच फ्लाइशमन यांचं नाव १९८९ मध्ये वेगळ्याच कारणानं जगभर झालं. अमेरिकेत युटाला, स्टॅनली पॉन्स यांच्यासह त्यांनी जाहीर केलं की पॅलेडियमच्या इलेक्ट्रोडवर जड पाण्याचं विघटन करताना साध्या तापमानाला अणूंचं मीलन होतं, ऊर्जा मिळते. जगभरच्या प्रयोगशाळांनी करून पाहिलं, कुणाला भरवशानं ते जमलं नाही. २०१२ मध्ये ते गेले तेव्हा बहुतेकांना आठवलं ते हेच. मला हे अन्यायाचं वाटतं. चांदीवरच्या त्या प्रयोगातून एक अख्खं शास्त्र उभं राहिलंय.

दुसऱ्या वाटेवर, अवरक्त किरणांच्या, अडचण पाण्याचीच. पाणी हे किरण अधाशासारखं पितं. साउदम्प्टनमध्येच अ‍ॅलन ब्यूइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास तोड काढली. एक तर इलेक्ट्रोड काचेसारख्या खिडकीला इतका भिडवायचा की मधे पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा उरेल. आणि मग रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी असतं ते करायचं : दोन चित्रांतले फरक ओळखा. विजेचा एक दाब ठेवून एक चित्र, दुसरा दाब ठेवून दुसरं, आणि एकातून दुसरं वजा. पापुद्र्यातलं बहुतेक पाणी दोन्हीत सारखंच, ते कटून जातं. दाबामुळं बदलतात ते शिवेवरचे रेणू, तेवढे उरतात.

या युक्तीनं एक जुना तंटा मिटवायला मोठी मदत झाली, आणि तोच मला आमच्या हौदाच्या सर्वांत जवळचा वाटतो. मिथेनॉल प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर जाळून वीज मिळवता येते; तो इंधन घट. अडचण अशी की सुरुवातीला उत्साहानं चालणारं प्लॅटिनम थोड्या वेळात मंदावतं. काहीतरी त्यावर चढून बसतं. काय, यावर वर्षानुवर्षं वाद. विजेच्या शिरगणतीवरून कुणी म्हणायचं हायड्रोजन असलेला एक तुकडा आहे, कुणी म्हणायचं साधा कार्बन मोनॉक्साइड. १९८१ मध्ये फ्रान्समधल्या प्वातिये इथले बेदां आणि लामी, आणि ब्यूइक व कुनिमात्सु यांनी मिळून फरक ओळखले. शिखर आलं २०५० च्या वरच्या बाजूला : प्लॅटिनमच्या एकेका अणूवर ताठ उभा राहिलेला कार्बन मोनॉक्साइड. मोकळेपणी २१४३ वर बोलणारा, धातूला धरल्यामुळं थोडा खाली उतरलेला. म्हणजे विष बाहेरून कुणी टाकलेलं नव्हतं. मिथेनॉल जळता जळता स्वतःच ते तयार करत होतं. प्लॅटिनममध्ये रुथेनियम मिसळलं की घट जास्त टिकतो, हे आधीच माहीत होतं. ते कुणाला हटवायला येतं ते आता नावानिशी कळलं. रुथेनियम कमी दाबाला पाण्यातून ऑक्सिजन पुरवतं आणि तो मोनॉक्साइडला जाळून टाकतो.

याच मोनॉक्साइडची आणखी एक गंमत. विजेचा दाब वाढवला की त्याचं शिखर वर सरकतं, एका व्होल्टला साधारण ३० नं. खुंटी पिळली की तार चढते, तसं. भाचीनं यावर आक्षेप घेतला नाही.

आता आमच्या निकेलकडं येतो. मी भाचीला हा सगळा वेळ विचारत होतो, “आणि निकेल?” ती हसायची. कारण प्रकाशाला असा जोर देणारे धातू मुख्यतः तीन : चांदी, सोनं, तांबं. तांब्याच्या आणि चांदीच्या हौदात घालायच्या द्रव्यांचा अभ्यास लवकर सुरू झाला. थायोयुरिया हे असंच एक. ते गंधकाच्या बाजूनं धातूला धरतं, हे फ्लाइशमन यांच्याच गटानं १९८० च्या दशकात रामन वर्णपटावरून दाखवलं. पण निकेल, लोखंड, प्लॅटिनम, म्हणजे ज्यांच्यावर जगाचा कारखाना चालतो ते धातू, जवळजवळ मुके. १९८६ मध्ये कुणी मोठ्यातला मोठा शास्त्रज्ञ आमच्या शेडमध्ये लेसर घेऊन आला असता तरी त्याला आमच्या तोटीवर काही ऐकू आलं नसतं.

ही खिडकी उघडली चीनमधल्या शियामेन विद्यापीठात. तिथले त्येन चोंगछुन हे साउदम्प्टनला फ्लाइशमन यांच्याच हाताखाली शिकलेले. १९९० च्या दशकात त्यांच्या गटानं निकेल, प्लॅटिनम यांसारख्या धातूंना नेमकी खरखर देऊन क्षीण का होईना पण आवाज मिळवला. आणि २०१० मध्ये वेगळीच युक्ती केली. सोन्याचे अतिसूक्ष्म कण घ्यायचे, प्रत्येकाला वाळूच्या द्रव्याचं, म्हणजे सिलिकाचं, दोन-चार नॅनोमीटरचं अस्तर द्यायचं आणि कुठल्याही पृष्ठभागावर ते भुरभुरायचे. सोनं प्रकाशाला जोर देतं, अस्तरामुळं ते स्वतः रसायनात लुडबुड करत नाही. मग खालचा धातू गुळगुळीत असो, मुका असो, चालतं. त्याच निबंधात त्यांनी संत्र्याच्या सालीवरचं कीटकनाशकही ओळखून दाखवलं. आता तर अशा कणांनी इलेक्ट्रोडला लागून असलेल्या पाण्याच्या रेणूंची मांडणीही पाहतात. ज्या पाण्याचा गोंगाट टाळायचा होता, त्याचंच कुजबुजणं.

मी भाचीला १९८६ च्या त्या चारशे तोट्यांची गोष्ट सांगितली. तिनं मधे न बोलता ऐकली, मग विचारलं, “हौदाला कोळसा किती दिवसांनी देत होते?” मला माहीत नव्हतं. ती म्हणाली की सॅकरीन धातूवर बसून काम करताना तिथंच थोडंथोडं मोडतं. त्यातलं थोडं गंधक निकेलमध्ये जातं, बाकीचे तुकडे पाण्यात साठत राहतात. बफच्या मेणचट घाणीचाही अंश येतो. फार साठलं की हेच शिवेवर जागा अडवतं आणि गिलट काळपट होतं, ठिसूळ होतं, सुटतं. त्यावर उपाय म्हणजे सक्रिय कोळसा ढवळायचा, निवळू द्यायचं, गाळून घ्यायचं. “तुमच्या हौदात नेमकं काय झालं ते आता कुणी सांगू शकणार नाही, मामू. पण गोडी कमी पडली तर एवढं होत नाही. एवढं होतं ते घाण साठल्यावर.”

अब्बा २००४ मध्ये गेले. दुकान त्याआधीच बंद झालं होतं. नाना कुपवाडला मुलाकडं राहतात, पंचाहत्तरी ओलांडलेली आहे, कान पक्के आहेत. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडं गेलो आणि पोर्चमध्ये बसून भाचीनं सांगितलेलं सगळं सांगितलं.

“कोळसा द्यायला पाहिजे हे मी मालकांना पाडव्यापासून सांगत होतो,” नाना म्हणाले. “मालक म्हणायचे, हौद दोन दिवस बंद ठेवला तर खायचं काय? त्यांचंही खरं होतं.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“काय बोलू? बरणी खाली आली होती ना.” थोडा वेळ ते रस्त्याकडं बघत राहिले. “मीच नेली होती चिमूटभर, एकदा. आमच्या आईला साखर निघाली होती. डॉक्टरनं चहा बंद केला तर ती जेवेना. म्हटलं, ही गोडच आहे. घरी टाकली तर चहा कडूजहर झाला.”

जास्त पडलं की सॅकरीन कडू लागतं, हे मला ठाऊक होतं. मी ते बोललो नाही.

“म्हातारीनं कप ओतून दिला,” नाना म्हणाले. “एवढ्यानं चारशे तोट्या नासल्या नसत्या.”

“नसत्या,” मी म्हणालो.

त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला. दोघांचाही बिनसाखरेचा.